मुलाचे मन कोणत्या भाषेत दुखते?

मुलाला ताप आला की आई कपाळावर हात ठेवते आणि क्षणात ओळखते. खोकला शेजारच्या खोलीतही ऐकू येतो. गोवर अंगावर उमटतो, दात किडला की गाल सुजतो. पण मुलाचे मन दुखू लागले तर ते कोठे दिसते? त्याला थर्मामीटर लावता येत नाही. असे मूल कधी आदळआपट करते, कधी भावंडांना मारते, कधी झोपेत दचकते, आणि पुष्कळदा काहीच करीत नाही. नुसते गप्प बसते. आणि गप्प बसणाऱ्या मुलाला आपण 'गुणी' म्हणून मोकळे होतो!

दिवाळीच्या अंकात हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. पण मला विचाराल तर याच चार दिवसांत घरातली सारी मुले एकत्र जमतात, मोठी माणसेही जरा निवांत असतात, आणि कोणते मूल फटाक्यांत रमले आहे व कोणते माजघरात आजीच्या पदराआड बसले आहे, हे पाहणाऱ्याला दिसते. फराळाची ताटे पुढे असताना हा विषय निघाला तर काही बिघडणार नाही.

मी जन्माने ईटची. ईट हे धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातले गाव. पुढे पुण्यात शाळकरी मुलांच्या समुपदेशनाचे काम करण्यात माझा जन्म गेला. आता निवृत्त झाल्यावर वर्षातले तीन-चार महिने मी गावी काढते. पुण्यात जो प्रश्न मी पुस्तकांतून वाचला होता, तो गावात माझ्यासमोर रोज चालता-बोलता दिसू लागला. तो प्रश्न असा: मुलाच्या मनाची तपासणी करायची, तर ती कोणत्या भाषेत करायची?

घरात एक बोली, शाळेत दुसरी

आमचा हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषा उर्दू. माझे वडील मराठी घरातले, पण गणित शिकले उर्दूतून. अखेरपर्यंत मनातल्या मनात हिशेब करताना त्यांचे ओठ उर्दू आकडे पुटपुटत. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि कारभार मराठीत आला. शेवटच्या निजामाच्या नावावरून पडलेले जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नावही जाऊन २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झाले. राज्य गेले, नाव गेले. पण घरांतली बोली राहिली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू ही आपली मातृभाषा असल्याचे सांगणारी माणसे पंचाहत्तर लाखांच्या आसपास होती.

आता यातही एक गंमत आहे. जनगणनेच्या कागदावर 'उर्दू' लिहिणाऱ्या मराठवाड्यातल्या कुटुंबाची चुलीजवळची भाषा बहुधा दखनी असते. ती लखनौची उर्दू नव्हे. तिच्यातला 'नक्को' हा आपला 'नको', आणि शब्दावर जोर देण्यासाठी लावलेला 'च' हासुद्धा आपल्या मराठीचाच. मशिदीत एक भाषा, घरात दुसरी, बाजारात मराठी, शाळेत छापील उर्दू किंवा मराठी, आणि मोबाइलवर हिंदी! पाच-सहा वर्षांचे मूल या साऱ्या भाषांतून सहज ये-जा करते, याचे कौतुक वाटते. पण त्याला भीती वाटते तेव्हा ती यांपैकी एकाच भाषेत वाटते, आणि ती भाषा आईची असते.

पंचवीस वाक्यांची चाळणी

मुलांच्या मनाची चाचपणी प्रश्नावलीने करण्याची रीत फार जुनी नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. तेथल्या मुलांची मोठी पाहणी मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ च्या सुमारास केली, आणि १९६७ मध्ये रटर यांची शिक्षकांनी भरायची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. त्याच वाटेने पुढे जाऊन लंडनचे बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये एक आटोपशीर प्रश्नावली तयार केली. मुलाच्या जमेच्या आणि अडचणीच्या, दोन्ही बाजू ती विचारते. आज ती जगातल्या पुष्कळ भाषांत वापरली जाते आणि उर्दूतही आहे. उर्दू आवृत्तीची पारख करणारा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रश्नावलीत अवघी पंचवीस वाक्ये असतात आणि त्यांचे पाच गट केलेले असतात. पहिला गट मनातल्या भीतीचा आणि काळजीचा. दुसरा वर्तनाचा, म्हणजे राग, मारामारी, खोटेपणा यांचा. तिसरा चंचलपणाचा आणि चित्त न लागण्याचा. चौथा सोबत्यांशी पटते की नाही याचा. आणि पाचवा दुसऱ्याला मदत करण्याच्या वृत्तीचा. प्रत्येक वाक्यापुढे 'खरे नाही', 'थोडेसे खरे' आणि 'अगदी खरे' असे तीन पर्याय. त्यांना शून्य, एक, दोन असे गुण. पहिल्या चार गटांची बेरीज करायची. ती जास्तीत जास्त चाळीस होऊ शकते. आईबापांनी भरलेल्या कागदात ही बेरीज सतरा किंवा त्याहून अधिक भरली, तर त्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे असा मूळचा ठोकताळा. आई, शिक्षक आणि अकरा वर्षांपुढील मूल स्वतः, अशा तिघांनाही विचारता येते.

दहा मिनिटांचे काम, खर्च कागदाचा! वाचकांपैकी एखादे उत्साही गृहस्थ म्हणतील, मग उद्याच प्रत्येक शाळेत हे कागद का वाटू नयेत? थांबा. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. दळणापूर्वी आपण गहू चाळतो, तेव्हा चाळणीत राहिलेला प्रत्येक खडा खडाच असतो असे नाही. जाड दाणेही अडकतात, आणि बारीक खडे खाली निसटतात.

समजा, शंभर मुलांपैकी दहांना खरोखरच मदतीची गरज आहे. चाळणीने त्यांतली सात पकडली आणि तीन निसटली. उरलेल्या नव्वद धडधाकट मुलांतही नऊ उगाच अडकली. म्हणजे सोळा नावे हाती आली, त्यांतली खरी सातच. त्या सोळाही मुलांच्या कपाळी 'मानसिक रुग्ण' असा शिक्का मारला, तर नऊ घरांवर आपण विनाकारण संकट आणू. शिवाय निसटलेली तीन मुले 'तपासून झाली' म्हणून कायमची दुर्लक्षित राहतील. म्हणूनच चाळणीनंतर जाणत्या माणसाने मुलाशी आणि घराशी बोलणे, ही पायरी चुकवून चालत नाही.

कराचीचे आकडे आणि गोव्याचे आकडे

उर्दू बोलणाऱ्या समाजात ही चाळणी लावली तर काय होते? २००७ मध्ये कराचीतल्या पाच ते अकरा वर्षांच्या शाळकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. सात खाजगी आणि आठ वस्तीशाळा तिच्यात सामील झाल्या. आईबापांच्या उत्तरांवरून शंभरांत चौतीस मुले 'अडचणीत' असलेल्या वर्गात पडली. शिक्षकांच्या उत्तरांवरून जवळजवळ छत्तीस. शंभरांत चौतीस! म्हणजे प्रत्येक तीन मुलांमागे एक!

आता याच्याशेजारी गोव्याचा आकडा ठेवा. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे बारा ते सोळा वर्षांच्या दोन हजारांवर मुलामुलींची सविस्तर मुलाखतींनी तपासणी केली. २००८ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मनोविकाराचे प्रमाण शंभरांत दोनहून कमी. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली, तिच्यात तेरा ते सतरा वयोगटात ते शंभरांत सात निघाले.

मग काय समजायचे? कराचीची मुले बिघडलेली आणि गोव्याची शहाणी? मुळीच नाही. एक तर मुलांची वये वेगळी. दुसरे, कराचीत नुसती चाळणी लावली होती आणि गोव्यात तपशीलवार मुलाखती घेतल्या होत्या. तिसरे, सतराचा तो ठोकताळा विलायतेतल्या मुलांवरून ठरलेला. 'अंमळ हट्टी' म्हणजे किती हट्टी, 'शांत बसत नाही' म्हणजे किती वेळ, याचे माप दर समाजात वेगळे. भारत, बांगलादेश, ब्रिटन, नॉर्वे यांच्यासह सात देशांतल्या एकोणतीस हजारांवर मुलांची माहिती तपासून २०१२ मध्ये संशोधकांनी हेच सांगितले, की केवळ प्रश्नावलीच्या गुणांवरून एका देशाची दुसऱ्याशी तुलना करणे धोक्याचे आहे. एखाद्या जातीला किंवा धर्माला नावे ठेवण्यासाठी असले आकडे कोणी पुढे करील, तर त्याला हे जरूर ऐकवावे.

कराचीच्या त्या पाहणीतल्या दोन गोष्टी मला त्या चौतीस आकड्याहून मोलाच्या वाटतात. पहिली ही, की संमतीपत्रे १४८८ घरी पाठविली आणि होकार आला अवघ्या ६७५ घरांतून. निम्म्याहून अधिक घरांनी दार उघडलेच नाही. 'आमच्या मुलाला वेडा ठरवतील' ही भीती आपल्या ओळखीची नाही काय? पुण्यात सदाशिव पेठेतही मी हेच वाक्य ऐकले आहे. दुसरी ही, की मुलग्यांत दंगा आणि मारामारी अधिक सापडली, तर मुलींत भीती आणि काळजी. दंगा वर्गभर ऐकू येतो. भीतीला आवाज नसतो.

एका गुणी मुलीची गोष्ट

आमच्या ईटमधलीच एक मुलगी सांगते. नाव मुद्दाम देत नाही. ती मामाच्या गावी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि मग आईबापांकडे येऊन मराठी शाळेत पाचवीत बसली. दोन महिन्यांत तिचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना दाखविले, पोटात काही निघाले नाही. दर्ग्यावर नेले, ताईत बांधला. आपण शहरी माणसांनी यावर नाक मुरडू नये. आपल्या घरीही मुलावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकतातच. पोट दुखायचे थांबेना. आठवड्यातून दोन-दोन दिवस शाळा बुडू लागली.

तिच्या वर्गशिक्षिकेला मी विचारले. त्या म्हणाल्या, "फार गुणी मुलगी आहे हो. कोणाशी भांडण नाही, तंटा नाही. सांगितलेले निमूट ऐकते. तिची मला काही काळजीच नाही." त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पन्नास मुलांच्या वर्गात जे ओरडते तेच शिक्षकाला दिसणार.

मग मी तिच्या आईकडे गेले. प्रथम मी आपली शुद्ध, छापील उर्दू वापरली. वडिलांकडून आलेली ती उर्दू मिरविण्याची मला हौसही आहे! मुलीला 'तश्वीश' असते का, 'इज्तिराब' होतो का, असे विचारले. भाभी पदर सावरून अदबीने म्हणाल्या, "नै बाई, अल्ला का फजल है, वैसा कुछ नै." सरकारी माणसाला द्यावे तसे उत्तर! प्रश्नावली भरायची असती तर तेथे शून्य पडला असता.

चहा झाला. मी सरळ गावच्या बोलीवर आले. "भाभी, पोरीचा जी लगता क्या इस्कूल में?" मराठी-दखनीची ही माझी खिचडी ऐकून त्या हसल्या, आणि मग मोकळेपणाने बोलू लागल्या. "काय का जी लगता बाई! रात कू उठ के बैठती. सुबे हुई की पेट पकड़तीच. इतवार कू नै दुखता. ईद की छुट्टी में एक दिन नै दुखा. किसी से बात नक्को, खेलना नक्को. उसकू वहाँ का कुछ समझताच नै, और पूछने की शरम आती."

झाले! जे मला कोणताही कागद सांगू शकला नसता, ते चार वाक्यांत कळले. झोप, पोट, सोबती, भीती: प्रश्नावलीच्या दोन गटांची जवळजवळ सारी उत्तरे त्यांत होती. आणि कारणही होते. मुलगी मंद नव्हती, आजारी नव्हती, शाळाबुडवी तर नव्हतीच. भाषेच्या पुरात ती बुडत होती आणि हाक मारायला तिच्याकडे शब्द नव्हते.

पुढे काय केले ते थोडक्यात सांगते. शिक्षिकेने समजूतदारपणाने तिला दोन्ही बोली येणाऱ्या एका मैत्रिणीशेजारी बसविले आणि तोंडी उत्तरे घरच्या बोलीत द्यायला मोकळीक दिली. संध्याकाळी ती माझ्याकडे मराठी वाचायला येऊ लागली. तीन महिन्यांत शाळा बुडणे थांबले. पोटदुखी अजिबात गेली, असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवशी ती पुन्हा येते. पण आता ती आईला सांगते की पोट नव्हे, 'दिल घबराता'. दुखण्याला त्याचे खरे नाव मिळाले, हे लहान काम नव्हे.

चाळणी कोणी धरायची?

आपल्याकडे या कामाची सुरुवात पुष्कळ जुनी आहे. मुंबईत नागपाड्यासारख्या उर्दूबहुल, गरीब वस्तीत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, आणि १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले. पुढे सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये आणला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभच आपल्या महाराष्ट्रात, पालघरला झाला. त्यानुसार डॉक्टरांची फिरती पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलांना तपासतात. हृदय, डोळे, दात, कान यांबरोबर वाढीतले दोष, चंचलपणाचा विकार, शिकण्यातली अडचण याही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत.

योजना उत्तम आहे. पण मनाची तपासणी छातीला नळी लावून होत नाही. तिला वेळ लागतो आणि तिला बोली लागते. दिवसभरात शाळा उरकायची असलेल्या पथकाला मूल 'जी घबराता' म्हणाले, तर ते छातीत धडधडते असे समजायचे की मनात भीती आहे असे, हे कोण ठरविणार? म्हणून माझे मत असे, की उर्दू शाळांसाठी नुसती भाषांतरित प्रश्नावली पुरत नाही. ती प्रश्नावली आईला तिच्या बोलीत वाचून दाखविणारी व्यक्ती हवी. गावातली आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडीची ताई हे काम शिकविले तर उत्तम करील. आणि वाक्ये आधी दहा-वीस आयांना ऐकवून त्यांना काय समजले ते त्यांच्याच तोंडून परत ऐकावे. असे उलटून पाहिल्यावाचून कोणतेही भाषांतर पक्के मानू नये.

दुसरी अट याहून मोठी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणी-तपासणीचे नियम लिहिले. त्यांतला एक असा, की ज्यावर उपचार देण्याची सोय नाही त्याची शोधाशोध करू नये. ईटच्या मजुराला जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागातली कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर घरे बंद करून निघतात. मुले कधी बरोबर जातात, कधी आजीजवळ राहतात. अशा मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन 'तज्ज्ञांना दाखवा' म्हणणे, ही थट्टा झाली. तज्ज्ञाने ठराविक दिवशी तालुक्याला यावे, आणि शाळेतल्या एका तरी शिक्षकाला प्राथमिक मदतीचे शिक्षण मिळावे, तर त्या पंचवीस वाक्यांना अर्थ.

आणि आपल्या घरात?

हे सारे खेड्यातल्या उर्दू बोलणाऱ्यांचे, असे समजून पान उलटू नका. आपल्या पुण्या-मुंबईच्या घरांत आजी मराठीत बोलते, आई अर्धी मराठी अर्धी इंग्रजी, आणि मूल तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी शाळेत. त्याला शाळेत कोणी चिडविले, तर ते त्याला कोणत्या भाषेत सांगता येते? 'हाऊ वॉज स्कूल?' या प्रश्नाला 'फाइन' हे उत्तर ठरलेले. भाभींनी मला दिलेल्या पहिल्या उत्तराची ही सख्खी बहीण!

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सुचविते. मूल तीन-चार आठवडे बदललेले वाटले, म्हणजे झोप, भूक, खेळ, अभ्यास यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या, तर 'वयच तसे आहे' म्हणून सोडून देऊ नका. अंगदुखीला प्रथम डॉक्टरच दाखवा. पण ती ठराविक वारी, ठराविक जागीच येत असेल तर वहीत टिपून ठेवा. शिक्षकांना 'गुण किती' याबरोबर 'डबा कोणाबरोबर खातो' हेही विचारा. आणि मुलाशी त्याच्या भाषेत बोला, समोर बसवून नव्हे, तर शेंगा सोलताना, पणत्या भिजत घालताना, त्याच्या शेजारी बसून. अधिक मदत हवी तर 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते.

जगभरच्या पाहण्या सांगतात, की जवळजवळ निम्मे मनोविकार वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत डोके वर काढतात. म्हणजे ते आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत सुरू होतात. पंचवीस वाक्यांचा कागद शाळेत येईल तेव्हा येवो. दिवाळीला जमलेल्या मुलांमध्ये जे सर्वांत शांत, सर्वांत गुणी, कोणालाच त्रास न देणारे मूल असेल, त्याच्या शेजारी यंदा जरा वेळ बसा. त्याला काही विचारू नका. ते बोलेपर्यंत बसा.